काडतुसाचं पितळ आणि पावसाळ्यावरचा आळ



तत्त्वज्ञानाचा मास्तर पितळेवर काय बोलणार, असं आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसतं आहे. ते स्वाभाविक आहे. आम्ही चौतीस वर्षं कारण आणि कार्य शिकवलं, न्याय-वैशेषिकही शिकवलं आणि मिलही शिकवला. पण कारण ही चीज हातात घेऊन, भिंगाखाली धरून पाहायचा योग निवृत्तीनंतर आला, आणि तो पितळेमुळे आला. म्हणून आजचा विषय.

सुरुवात अलीकडून करतो. आमच्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे नेमबाजीचा छंद आहे. मागच्या दिवाळीत त्यानं व्हिडिओ कॉलवर आम्हाला आपलं गॅरेज दाखवलं. टेबलावर एक छोटं यंत्र, त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं. वापरलेलं काडतुसाचं रिकामं कवच तो त्या वेटोळ्यात उभं धरायचा, चार-पाच सेकंदांत त्याची मान मंद लाल व्हायची, आणि कवच खाली पातेल्यात पडायचं. आम्ही विचारलं, अरे हे काय? तो म्हणाला, "आजोबा, अॅनीलिंग. पितळ नरम करतोय." आम्हाला एकदम अकोटच्या एका म्हाताऱ्या कासाराचं वाक्य आठवलं. तो म्हणायचा, "ठोकून ठोकून भांडं थकते मास्तर. मंग त्याले जराशी भट्टी दाखवा लागते."

टेक्सासचं गॅरेज आणि अकोटची कासार ओळ, दोघांचं काम एकच. आणि या दोघांच्या मधे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट अडकलेली आहे. ती सांगायचीच आहे. पण आधी पितळ समजून घेऊ, नाहीतर गोष्ट नुसतीच गोष्ट राहील.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. आरंभी काडतूस म्हणजे कागदाची पुडी. आत बारूद आणि गोळी. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला ज्या काडतुसावरून कुजबुज सुरू झाली, ते असंच कागदी, चरबी लावलेलं काडतूस होतं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत कागद मागे पडला आणि धातू आला. १८६६ च्या सुमारास इंग्लंडात वुलिचला एडवर्ड बॉक्सर यानं पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस केलं. पत्रा गुंडाळलेला, म्हणजे मूळ काम सुरळीचंच. मार्टिनी-हेन्री बंदुकीत ते गरम झाल्यावर अडकायचं, आणि सुदानच्या लढाईत, १८८५ मध्ये, या अडकण्यानं सैनिकांचा घात केला. मग सुरळी गेली आणि अखंड पितळेतून ओढून काढलेलं कवच आलं. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आपल्या वऱ्हाडाच्या सीमेला लागून, भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ चा. अकोल्याहून जळगावकडे गाडीनं जाताना तो भाग लागतो. लहान शस्त्रांची काडतुसं तिथे होतात. आता २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत.

हे कवच होतं कसं? सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. या मिश्रणाला नावच काडतुसी पितळ पडलं आहे. पत्र्यातून एक चकती कापतात, तिची वाटी करतात, आणि ती वाटी साच्यातून दाबून दाबून लांब ओढतात. एका ओढीत होत नाही. दोन-तीन ओढी लागतात. आणि प्रत्येक ओढीनंतर पितळ इतकं कडक होतं, की पुढची ओढ दिली तर ते फाटेल. म्हणून मधे भट्टी. भट्टीतून काढून आम्लात धुवायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी बुडाकडचा भाग मुद्दाम कडक ठेवतात, कारण स्फोटाचा मार तिथे बसतो. आणि मानेकडचा भाग ज्योतीनं नरम करतात, कारण मानेनं गोळीला घट्ट धरायचं असतं, बार होताच फुगून नळीला चिकटायचं असतं, आणि लगेच मागे यायचं असतं. लष्करी काडतुसाच्या मानेवर एक निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच ज्योतीची खूण. ती पुसत नाहीत. ती दिसली की तपासणाऱ्याला कळतं, भट्टी दाखवून झाली आहे.

आता पुतण्याच्या मुलाचा प्रश्न. एकदा बार केल्यावर कवच फुगतं. ते साच्यात दाबून पुन्हा मूळ मापाचं करायचं, नवी टोपी, नवी बारूद, नवी गोळी. फुगणं-दाबणं, फुगणं-दाबणं. मान प्रत्येक वेळी थोडी कडक होत जाते आणि काही फेऱ्यांनंतर चिरते. चिरायच्या आधीही ती दगा देते. कडक मान स्प्रिंगसारखी मागे उसळते, गोळीवरची पकड प्रत्येक काडतुसात वेगळी होते आणि नेम हलतो. म्हणून नेमबाज घरी मान तापवतात.

तिकडच्या जुन्या लोकांची रीत साधी. पसरट तव्यात पाणी घालून कवचं त्यात उभी करायची, म्हणजे बुडं पाण्यात थंड राहतात, आणि वरून ज्योत द्यायची. काही जण तर कवच बोटांत धरून मान मेणबत्तीवर फिरवायचे. बोटांना चटका बसला की पाण्यात टाकायचं. ही दुसरी रीत ऐकायला गोड आहे, पण मेणबत्तीवरची मान बोटांना चटका बसेपर्यंत पुरेशी तापते का, याबद्दल जाणकार फार साशंक असतात, आणि आम्हालाही त्यांचं पटतं. पुढे फिरत्या चकतीवर गॅसची ज्योत आली, मग वितळलेल्या मिठाच्या पात्रात मान बुडवणं आलं, आणि आता विजेचं वेटोळं. साधनं बदलली, अडचण तीच राहिली: मान तापली पाहिजे आणि बूड तापता कामा नये. नरम बुडाचं काडतूस म्हणजे कडी नसलेलं दार. कमी तापवलं तर काही होत नाही. फार तापवलं तर पितळेचे कण मोठे होतात, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो आणि मान लिबलिबीत होते. जस्त ९०७ अंशांना उकळतं, तिथपर्यंत कोणी जाऊच नये.

तापमान डोळ्यांनी कसं ओळखायचं? इथे एक गंमत आहे. १८४७ मध्ये ड्रेपर नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं, की कुठलाही घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागतो. लोखंड असो, पितळ असो, दगड असो. पुण्याच्या तांबट आळीत किंवा आपल्याकडच्या कासार ओळीत भट्टीची जागा अंधारी का असते, याचं उत्तर यात आहे. आम्ही लहानपणी समजायचो, ही गरीब माणसं, यांच्याकडे दिवा नाही. तो अंधार म्हणजे त्यांचा थर्मामीटर होता.

आणखी एक शब्दाची गोष्ट, कारण शब्दांवर आमची पोटं भरली. अॅनीलिंगला मराठीत अनुशीतन म्हणतात, काही ठिकाणी मंदशीतन. म्हणजे हळूहळू थंड करणं. हा शब्द लोखंडाचा आहे. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं. लोहार त्याला पाणी देणं म्हणतो, आणि विळ्याला पाणी दिलं नाही तर विळा कामाचा नाही. पोलाद नरम हवं असेल तर ते सावकाश थंड करावं लागतं. पण या पितळेला ते लागू नाही. तापलेलं पितळ पाण्यात टाका, नाहीतर राखेत रात्रभर ठेवा, नरमपणात म्हणावा असा फरक पडत नाही. काम होतं ते तापताना. थंड होताना काही होत नाही. तेव्हा पितळेच्या बाबतीत मंदशीतन हे नावच चुकीचं कारण सांगतं. कासाराचं 'भट्टी दाखवणं' जास्त अचूक आहे. नावानं चुकीचं कारण सांगावं आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच मानावं, हा प्रकार पुढे पुन्हा येणार आहे. लक्षात ठेवा.

तापताना आत काय होतं? पितळ लहान लहान कणांचं, स्फटिकांचं बनलेलं असतं. ठोकलं की त्या कणांच्या आत रचनेचे दोष साचतात, ते एकमेकांत अडकतात, आणि धातूला सरकायला जागा उरत नाही. म्हणजे तो कडक होतो. हे दोष म्हणजे काय, याची पहिली नीट कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. पुरेशी उष्णता दिली, की त्या गुंत्यातून नवे, स्वच्छ कण जन्माला येतात आणि जुन्यांची जागा घेतात. बाहेरून कवच तेच, आतून सगळे कण नवे.

आमच्यातल्या मास्तराला इथे राहवत नाही. आपल्याकडे मातीचं मडकं भाजल्यावर काळ्याचं लाल कसं होतं, यावर केवढा वाद झाला आहे! वैशेषिक म्हणाले, पीलुपाक: अग्नीनं मडकं परमाणूंपर्यंत फुटतं, परमाणू लाल होतात आणि मडकं पुन्हा जुळतं, सगळं इतक्या झटपट, की आपल्याला कळत नाही. नैयायिक म्हणाले, पिठरपाक: मडकं आहे तसंच राहतं, उष्णता छिद्रांतून आत शिरते आणि अख्ख्याचा रंग बदलते. वर्गात मुलं वैशेषिकांना हसायची, आणि खरं सांगायचं तर आम्हीही मनातून हसायचो. कवचाच्या मानेत सेकंदांत जुने कण जाऊन नवे येतात हे वाचल्यावर आम्ही हसणं बंद केलं. वैशेषिक बरोबर होते असं म्हणत नाही. परमाणूंपर्यंत काही फुटत नाही. पण प्रश्न त्यांनी खरा विचारला होता. याच दर्शनात संस्काराचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे स्मृतीचा ठसा, आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी जिच्यामुळे परत जागेवर येते ती गोष्ट. स्मृती आणि स्प्रिंग एकाच डब्यात! ठोकलेल्या धातूला ठोकल्याची आठवण राहते, आणि भट्टी ती आठवण पुसते, असं म्हटलं तर कासारालाही पटेल. असो, फार लांब गेलो.

आता घरची गोष्ट.

आमचं मूळ गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. नरनाळ्याचा किल्ला आमच्या गच्चीवरून दिसायचा. तिथली नवगजी तोफ आपण पाहिली असेल. लहानपणी आम्ही तिच्यावर घोडा-घोडा खेळलो आहोत. डोंगर जवळ असल्यामुळे रानडुकरांचा त्रास फार. ज्वारी हुरड्यावर आली, की रात्रीतून एकरभर आडवी. म्हणून आमच्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे, पीकरक्षणाच्या परवान्याची बाराबोर दुनळी बंदूक होती. विकतची कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगत, म्हणून मोठे बाबा पितळी कवचं वापरत. तीच ती पुन्हा पुन्हा भरायची. घरात लाकडी हातोडी, बारूद मोजायचं मापटं, नमद्याच्या चकत्या, छर्ऱ्यांची पिशवी असा सगळा सरंजाम एका पेटीत होता. आजच्या तरुणांसाठी सांगतो: १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर सगळंच चित्र पालटलं. तेव्हा आमच्या पुतण्याच्या मुलाचं गॅरेज पाहून इथे कोणी काही करू पाहू नये. आम्ही सांगतो आहोत तो काळ वेगळा होता, आणि त्या काळानंही पुरेशी किंमत मोजली.

काडतुसं भरायचं काम आमच्या घरचा एक गडी करायचा. नाव सांगत नाही. त्यांचं कुटुंब आजही तिकडे आहे. हात अतिशय निका. मापट्यावरून बोट फिरवून बारूद सपाट करायचा, जसं दूधवाला मापावरचा फेस उडवतो तसं. आम्ही बाजूला बसून टोप्या मोजून द्यायचो. आणि ही पेटी, ही गोष्ट महत्त्वाची, गोठ्यातल्या कोनाड्यात असायची. घरात बायकापोरं, चूल, दिवे. बारूद घरात नको, असा आजीचा नियम. बारूद मचाणावर कोरड्या जागी, आणि कवचं कोनाड्यात.

१९६० सालचा श्रावण. आठ दिवस झड लागलेली. तिसऱ्या की चौथ्या रात्री पाऊस उघडल्यावर मोठे बाबा वावरात गेले. एक बार नीट झाला. दुसऱ्या बाराला काडतूस बुडाजवळ फाटलं, बंदूक जुनी आणि सांध्यात सैल होती, आणि जाळ मागे आला. उजवा गाल आणि भुवई भाजली. डोळा राहिला, पण त्या डोळ्यानं त्यांना पुढे फक्त उजेड-अंधार कळायचा.

घरात निकाल दुसऱ्याच दिवशी लागला. बारूद जास्त भरली. कोणी भरली? गड्यानं. का भरली? यावर तर दोन मतं होती. एक म्हणे, नजरचुकीनं. दुसरं मत बोलायला आम्हाला आजही लाज वाटते. महिनाभरापूर्वी मजुरीवरून त्याची आणि मोठ्या बाबांची बोलाचाली झाली होती, तेवढं पुरलं. पोलिसात कोणी गेलं नाही, ही मेहेरबानी समजली गेली. त्यानं पोळ्याच्या आधी गाव सोडलं. आम्ही दहा वर्षांचे होतो. मापट्यावरून फिरणारं बोट आम्ही रोज पाहिलं होतं, आणि आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोललो असतो का, हेही आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

इथे घरगुती गोष्ट थांबवून जगाच्या इतिहासात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला एक विचित्र अनुभव यायचा. साठवलेली पितळी काडतुसं, कोणी हात न लावता, आपोआप चिरायची. पावसाळ्यात जास्त. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही हकीकत आजही पहिल्या उदाहरणादाखल येते. इंग्रजीत या चिरण्याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग. आपण त्याला ऋतुचीर म्हणू. आता हे नाव पाहा. ऋतूनं चिरतं म्हटलं, की ऋतू हाच आरोपी. पाऊस, दमट हवा, थंड-गरम. लाकूड जसं ऋतूमानानं तडकतं तसं पितळही तडकतं, असं मानून लोक बरीच वर्षं समाधानात राहिले. अनुशीतन शब्दासारखंच झालं. नावानंच उत्तर देऊन टाकलं आणि प्रश्न विचारायचा राहून गेला.

खरं उत्तर १९२१ मध्ये आलं. वुलिचच्या संशोधन विभागातल्या मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्यावर मोठा निबंध लिहिला. म्हणजे जिथे बॉक्सरचं काडतूस जन्मलं तिथेच त्याच्या वंशजांचं शवविच्छेदन झालं. त्यांनी दाखवलं, की दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, पितळेच्या आत ठोकण्या-ओढण्यामुळे कोंडून राहिलेला ताण. दुसरी, हवेत अमोनिया. दमटपणा लागतो, पण तो फक्त वाहक. आणि फौजेत अमोनिया कुठून आला? काडतुसं घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. पावसाळ्यात दारं बंद, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया कोंडलेला. तो तांब्याला पोखरतो, कणांच्या मधल्या सीमांवरून आत शिरतो, आणि आतला ताण ती फट रुंदावत नेतो. ताण नसलेलं पितळ त्याच पागेत ठेवलं तर डागाळेल, चिरणार नाही. ताण असलेलं पितळ स्वच्छ हवेत ठेवलं तर वर्षानुवर्षं राहील. दोन्ही एकत्र आले की चीर.

उपायही त्यातूनच निघाला. मऊ होण्याइतकं तापवायची गरज नाही. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत नेलं की कडकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि आतला ताण मात्र उतरतो. हे हलकं अनुशीतन. तेव्हापासून कारखान्यांत ते शिरलं, आणि पितळेत ताण उरला आहे का हे पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून तपासायची रीत रूढ झाली. ताण असेल तर डोळ्यांदेखत चीर पडते.

हे आम्ही २००९ मध्ये वाचलं, आणि तेही योगायोगानं. त्या वर्षी गावच्या वाड्याची वाटणी होऊन तो पाडायला काढला. गोठ्याच्या कोनाड्यातली पेटी निघाली. बंदूक केव्हाच पोलीस ठाण्यात जमा झाली होती, परवाना परत गेला होता, मोठे बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती. पेटीत गंजलेलं मापटं आणि तीन पितळी कवचं. रिकामी. टोपी काढून, साफ करून, मापात दाबून, भरायची म्हणून ठेवलेली आणि त्या श्रावणानंतर कोणी हात न लावलेली. तिन्हींवर हिरवट-निळी पुटं, आणि पुसून पाहिलं तर तिन्हींना लांबीत बारीक चिरा. दोघांना तोंडाजवळ, एकाला बुडाजवळ.

आम्ही ती घेऊन अमरावतीला एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांकडे गेलो. आमचेच जुने विद्यार्थी, तर्कशास्त्राला बसायचे हौस म्हणून. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि आम्हालाही दाखवलं. चीर सरळ नव्हती, नदीसारखी फाटे फोडत कणाकणांच्या मधून गेलेली. ते म्हणाले, सर, जास्त दाबानं पितळ फाटतं तेव्हा आधी ताणलं जातं, कडा पातळ होतात, कवच फुगतं. इथे कडा जाडच्या जाड आहेत. हे ऋतुचीरचं पुस्तकातलं उदाहरण आहे. कुठे ठेवली होती?

आम्ही म्हणालो, गोठ्यात.

रिकाम्या काडतुसात बारूद जास्त होत नाही, मंडळी. जे कवच भरलंच गेलं नाही, ते गड्याच्या हातानं फाटू शकत नाही. आणि त्या तिघांच्या पंक्तीतलंच चौथं त्या रात्री बंदुकीत गेलं होतं.

पण आम्ही मिल शिकवलेली माणसं. तुलना केल्याशिवाय समाधान होईना. त्याच गोठ्यात बैलांच्या घागरमाळा टांगलेल्या होत्या, पितळी, आजोबांच्या वेळच्या. पोळ्याला उतरवायच्या, पुन्हा टांगायच्या. हवा तीच, झड तीच, मूत तेच. एकाही घुंगराला चीर नाही. का? घुंगूर ओतीव असतात. वितळून साच्यात ओतलेल्या धातूत ठोकण्याचा ताण नसतो. आणि तिसरी वस्तू म्हणजे आजीची दुधाची चरवी. ती घडीव, ठोकलेली, रोज दोन वेळा गोठ्यात. तीही शाबूत. ती रोज धुतली जायची हे खरंच. पण दर वर्षी कल्हईवालाही यायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कल्हई करताना भांडं त्याच्या वर जातं. जिथून ताण उतरायला लागतो, तिथपर्यंत. कल्हईवाला भांड्याला आतून पांढरं करत होता आणि नकळत त्याचा ताणही उतरवत होता. त्यात आणखी मौज म्हणजे तो नवसागर टाकायचा, आणि नवसागराच्या त्या पांढऱ्या धुरात अमोनियाच असतो. एकाच हातानं रोग आणि औषध! हा शेवटचा तर्क आमचा आहे, धातुशास्त्र्यांनी तो तपासून घ्यावा. घुंगरांबद्दल मात्र त्या प्राध्यापकांनी मान हलवली.

अकोटचा तो कासार आम्हाला याच शोधात भेटला. ऐंशीच्या पुढचा. आम्ही विचारलं, काडतुसाची कवचं कधी भट्टीला आली होती का? म्हणाला, "एकदा आली होती, तुमच्याच इकडून. गडी घेऊन आला होता. म्हने, हे पितय लय कडक झालं, जरासं नरम करून द्या. पर मालकानं पैसे देले नाही म्हनून वापस घेऊन गेला." किती साल, ते त्याला सांगता येईना. आम्ही ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याचा पुरावा म्हणून आग्रह धरत नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे, आणि ऐकणारा काय ऐकायला आला आहे हे त्यानं ओळखलं असेल. पण कवच खरंच आलं असतं आणि त्या कासारानं अख्खं लाल केलं असतं, तर बूड नरम होऊन दुसरा अपघात झाला असता, हेही सांगायला हवं. भट्टी दाखवायची ती कुठे आणि किती, हे १९२१ च्या निबंधात होतं. अकोटला ते पोचायला वाट नव्हती.

गड्याच्या घराचा पत्ता काढायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तो वारला होता. अंजनगावच्या बाजूला मुलाचं घर सापडलं. चांगलं दोन खोल्यांचं, पुढे निंबाचं झाड. आम्ही तिन्ही कवचं रुमालातून काढून त्याच्यासमोर ओट्यावर ठेवली, चिरा दाखवल्या, अमोनिया आणि ताण जमेल तसं सांगितलं. तो ऐकत होता. त्यानं एक कवच उचललं, उन्हात फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"बाबा मरेलोक म्हनत होते," तो म्हणाला, "बोट फिरवून भरली होती म्हनून."

आम्ही म्हटलं, आम्ही बघत होतो.

"मंग तवा काऊन नाही बोलले?"

त्यानं ते रागानं विचारलं नाही. आत वळून त्यानं चहा टाकायला सांगितलं, आणि आम्ही तिथेच ओट्यावर बसून राहिलो.